आबांच्या सोप्यातला तांब्या

जमलेल्या सर्व मंडळींनो,

खुर्च्या कमी पडल्या. कितीतरी जण दारात उभे आहेत, जिन्यावर उभे आहेत. माफ करा. सुधीरला एवढी माणसं ओळखत होती, हे मला, त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, आज कळलं. तो असता तर म्हणाला असता, "अक्का, निम्मे चुकून आलेत. शेजारच्या हॉलमध्ये बारसं आहे."

मला बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. सगळी नोकरी शाळेत पोरांपुढं बोलण्यात गेली. निवृत्त झाले तरी गडमुडशिंगीत शेजारीपाजारी मला बाईच म्हणतात, आणि मी गल्लीतनं बोलले तर वेशीपर्यंत ऐकू जातं. पण पाठच्या भावाच्या हार घातलेल्या फोटोपुढं उभं राहून बोलायची सवय कुणाला असते? कुणालाच नसते. नसावीच.

माझी भावजय नीता तिथं बसली आहे. घरातनं निघताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, आज भांडू नका." मी कबूल केलंय. आवाज चढवणार नाही. माझा मूळचाच आवाज मोठा आहे, त्याला इलाज नाही.

प्राचार्य बोलले. सुधीरचे विद्यार्थी बोलले, चांगलं बोलली पोरं. आणि माझ्या आधी आमच्या गावचे सरपंच, यात्रा कमिटीचे अध्यक्ष, आबा बोलले. आबा म्हणाले, "गावाचा हिरा हरपला." रुमाल काढून डोळे पुसले. खाली दारात त्यांनी फलक लावलाय, येताना सगळ्यांनी बघितला असेल. भावपूर्ण श्रद्धांजली. त्यात सुधीरचा फोटो तळहाताएवढा आणि आबांचा दाराएवढा. गेलंय कोण, तेच कळत नाही.

हसा, हसा. सुधीरही हसला असता.

आबा, उठू नका. चहा येतोय. बसा. त्या दिवशी तुमच्या सोप्यात, बाहेरच्या बैठकीत, आम्ही बसलो होतो, आज तुम्ही आमच्यात बसा. तुमच्यासाठी म्हणून पुढची खुर्ची ठेवायला मीच सांगितलं होतं.

सुधीर काय काम करायचा, हे आज तीन-तीन जणांनी सांगितलं. मॉडेल म्हणाले, संशोधन म्हणाले. मला त्यातलं जेवढं कळलं तेवढं मी साध्या भाषेत सांगते. पाण्यातनं होणारा आजार एका गावात सुरू झाला, तर तो पुढं कुठल्या गावाला जाईल, कधी जाईल, कुठल्या वाटेनं जाईल, याचं गणित तो मांडायचा. आधी कळलं तर आधी अडवता येईल, एवढाच त्याचा हेतू.

सुरुवातीला त्यानं नदी धरली. वरच्या गावाची घाण खालच्या गावाला, सरळ हिशेब. आणि गणित सपशेल चुकलं. खालच्या गावाला काही होईना आणि भलत्याच नदीकाठच्या, वरच्या अंगाच्या गावात माणसं पिवळी व्हायला लागली. दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा खूश! माझ्याकडं जेवायला आला आणि भाकरी मोडता मोडता विचारतो, "अक्का, म्हाईला तू कुणाकुणाकडं जातीस?"

म्हाई म्हणजे गावदेवीची यात्रा, आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पुण्याहून आलेल्या त्याच्या मित्रांसाठी सांगते. गावोगावची म्हाई वेगवेगळ्या दिवशी. ज्या गावाची म्हाई, त्या गावात घराघरात मटण शिजतं आणि पै-पाहुणे जेवायला येतात. लेकी येतात, जावई येतात, लेकीची नणंद, नणंदेची जाऊ, सगळी येतात. घरटी किती पाहुणं जेवलं यावर त्या घराची पत ठरते.

मी त्याला म्हटलं, "काय रे, मी किती मटण खाते त्याचा हिशेब काढतोस काय?" तो म्हणाला, "नाही गं. नदी एकाच बाजूला वाहते. पाहुणे दोन्ही बाजूला जातात."

मग त्यानं लग्नपत्रिका गोळा करायला सुरुवात केली. पोरं आत्ता हे बोलली नाहीत, पण यांनीच पोती भरभरून जुन्या पत्रिका आणून दिल्यात त्याला. पत्रिकेत खाली मामा, आत्या, मावशी, सगळ्यांची नावं असतात आणि नावापुढं गाव असतं. कुठल्या गावच्या लेकी कुठं दिल्यात, हे त्यावरनं कळतं. त्या वाटांचा त्यानं नकाशा केला. त्यावर गावोगावच्या म्हाईच्या तारखा टाकल्या. एका गावची म्हाई उरकते तोवर दुसऱ्या गावची येते. आजाराला आणखी काय पाहिजे? रस्सा खळाखळा उकळतो, त्याची भीती नाही. पण ताटाशेजारचं पाणी कोण उकळतंय? कांदा, कोथिंबीर कशात धुताय? सरबतात बर्फ कसला घालताय? नवा हिशेब त्यानं लावून बघितला, आणि बरोबर आला.

आणि मग गेल्या वर्षी आमच्याच गावात कावीळ निघाली. माझं माहेर ते. सुधीरचं जन्मगाव. आबांचं गाव. गावाचं नाव मी माइकवर घेत नाही. ज्यांना घ्यायची लाज वाटायला पाहिजे ते पुढं बसलेत.

चुलतभावाच्या घरच्या वास्तुशांतीला गेलो होतो. सुधीरनं पोरांचे डोळे बघितले, दोघा-चौघांचे, आणि जेवण टाकून उठला. गावातनं फिरला. पाण्याचा पाइप गटारीतनं गेलाय आणि व्हॉल्व्हपाशी फुटलाय, हे त्यानं शोधलं नाही, गावाला आधीच ठाऊक होतं! पाइप बदलायचा तर पाणी बंद ठेवायला लागणार. आणि म्हाई तोंडावर आलेली. म्हणून दुरुस्ती म्हाईनंतर. आणि तोवर? तोवर सगळ्यांनी गप्प बसायचं. कुणाच्या घरात कोण पिवळं झालंय, हे बाहेर बोलायचं नाही. दवाखान्यात गेलात तर गावाचं नाव सांगायचं नाही. असं ठरलं होतं. सगळ्या गावानं मिळून ठरवलं होतं. का? पाहुणे यायचे थांबतील म्हणून.

चोरी लपवणारं गाव ऐकलंय, भांडण लपवणारं ऐकलंय. पाहुणे जेवायला यावेत म्हणून पाहुण्यांपासूनच आजार लपवणारं गाव मी माझ्याच माहेरी बघितलं.

तसेच आम्ही दोघं आबांच्या सोप्यात जाऊन बसलो. कमिटी बसलेली होतीच. सुधीर म्हणाला, "आबा, म्हाई महिनाभर पुढं ढकला. पाइप दुरुस्त करा. नाहीच जमत, तर निदान लेकींना खरं सांगा आणि पाणी उकळून द्या."

आबा म्हणाले, "आन् पावण्यास्नी काय सांगायचं? आमच्यात कावीळ हाय, येऊ नकासा? तालुक्यात बोभाटा हुईल. गावात पोरी द्यायच्या बंद हुतील."

बरोबर ना आबा? शब्द इकडं-तिकडं झाला असेल तर सांगा.

सुधीर पुन्हा सांगायला लागला. आबांनी हात वर केला. "ते ऱ्हाऊ दे. आदी पाणी घे." आणि तांब्या-भांडं पुढं सरकवलं.

सुधीर म्हणाला, "नको आबा, आत्ताच प्यालोय."

मंडळी, आपल्याकडं चहाला नको म्हटलेलं चालतं, जेवणाला नको म्हटलेलं चालतं. उंबऱ्याच्या आत येऊन पाण्याला नको म्हणायचं म्हणजे काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आबा म्हणाले, "गावचं पाणी चालत न्हाय व्हय रं आता? ह्याच पाण्यावर वाडलास की." मागनं एक जण म्हणाला, "सरास्नी बाटलीचं लागतंय." आणि आबा म्हणाले, "गावचं पाणी प्यायचं न्हाय, आन् गावाला अक्कल शिकवायची. मग कोण ऐकंल तुजं?"

सुधीरचं लिव्हर आधीपासनं अधू. कावीळ होता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हे मी तिथं बोलले. मोठ्यानं बोलले. "आबा, त्याला डॉक्टरांनी सांगितलंय, बळजबरी करू नका." आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "अक्के, तू गप. गावाचं बोलणं चाललंय."

माझ्यापुढं तांब्या सरकवलाच नाही. लेकीला कोण विचारतंय? लेक प्याली काय, न प्याली काय.

सुधीरनं भांडं नाही घेतलं. तांब्या उचलला आणि वरनं घटाघटा प्याला. सगळा प्याला. तोंड पुसलं आणि म्हणाला, "आता ऐकता?"

आबा उठले. देव्हाऱ्यातला देवीचा भंडारा उचलला. कपाळाला लावला. "आईची आण. पाइप हुईस्तोवर म्हाई न्हाय." कमिटीनं माना डोलावल्या.

परत येताना गाडीत मी त्याला वाट्टेल ते बोलले. "तू एवढा शिकलेला, सगळं कळतंय तुला, आणि का प्यालास?" तो म्हणाला, "अक्का, न पिता उठलो असतो तर त्यांनी ऐकलं असतं का?" मी म्हटलं, "आणि आता ऐकतील?" म्हणाला, "भंडारा उचललाय की."

भंडारा उचललाय की!

माझा भाऊ गणितात हुशार होता. माणसांत भोळा होता. रोग कसा वागतो ते त्याला कळत होतं, आबा कसे वागतात ते कळलं नाही.

थोड्या दिवसांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. सालाबादप्रमाणे म्हाई अमुक तारखेला, सर्व लेकी-जावयांनी अगत्य येण्याचं करावं. खाली आबांचा हात जोडलेला फोटो. तारीख जुनीच. पाइप गटारीतच. सुधीरनं आबांना फोन लावला. मी शेजारीच होते. आबा म्हणाले, "अरं, कमिटीनं ठरिवलं. मी एकटा काय करनार? मटणवाल्याला सांगून झालंतं."

आबा, भंडारा कमिटीनं उचलला होता का?

मग आम्ही नात्यातल्या लेकींना फोन लावले. बहुतेकींना वाटलं, सुधीरचं आणि आबांचं काहीतरी भाऊबंदकीचं वाजलंय. म्हाई दणक्यात झाली. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला, "काय झालं न्हाय बघ सर! तुजं गणित नापास!"

सुधीर फोन ठेवून मला म्हणाला, "अक्का, कावीळ लगेच दिसत नसते. आठवडे जातात. ती दिसेल तेव्हा म्हाई कुणाच्या ध्यानातही नसेल. म्हणूनच ती सुटते."

सगळ्यांत आधी डोळे पिवळे झाले त्याचेच. साहजिक आहे, म्हाईच्या आधीच प्याला होता. आरशात बघितलं, आत गेला, नकाशा काढला आणि पहिला ठिपका स्वतःचा लावला. मला म्हणाला, "आता फोन करायला घे. तुझ्या जावेच्या माहेरी विचार. काकूच्या लेकीकडं विचार." तो दवाखान्यात कॉटवर आणि मी बाहेर व्हरांड्यात फोनवर. एकेका गावातनं उत्तर येत होतं. हो अक्का, आमचा धाकटा पिवळा झालाय. हो मावशी, सासरे दवाखान्यात आहेत. त्यानं जी गावं सांगितली होती, तीच गावं. ज्या क्रमानं सांगितली होती, जवळपास त्याच क्रमानं.

आपलं गणित बरोबर आलं म्हणून रडलेला माणूस तुम्ही बघितलाय का? मी बघितलाय.

एका गावात मात्र त्यानं सांगितलं तसं झालं नाही. नीताच्या माहेरी. आमच्या गावच्या कितीतरी लेकी तिथं दिल्यात, सगळ्या म्हाईला गेल्या होत्या, तरी तिथं फारसं काही नाही. सुधीर दोन दिवस त्या गावाच्या मागं लागला. मग कळलं, नीतानं आईला फोन केला होता, आईनं गल्लीत सांगितलं होतं, आणि म्हाईला जाताना त्या बायकांनी घरनं पाण्याच्या बाटल्या नेल्या होत्या. लोकांनी नावं ठेवली, पण त्या बाटलीतलंच प्याल्या. सुधीर उशीला टेकून म्हणाला, "अक्का, बघितलंस? रोग ज्या वाटेनं जातो, निरोपही त्याच वाटेनं जातो गं."

ते वाक्य मी विसरले नाही. आबा, तुम्हीही विसरू नका, त्यावर येणार आहे मी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लिव्हर सावरलंच नाही. महिनोन्‌महिने दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. आबा एकदा बघायला आले. शहाळी घेऊन आले. सुधीरनं त्यांना विचारलं, "पाइप झाला का आबा?" आबा म्हणाले, "तू आदी बरा हो." पाइप आजही गटारीतच आहे. परवाच बघून आले मी. तक्रार? केली की. अर्ज पोचला, चौकशी चालू आहे, असं उत्तर आलंय. चालू दे.

काल एक नातेवाईक मला म्हणाले, "अक्का, माणूस गेलं की वैर संपवायचं असतं." कुणी सांगितलं? माणूस गेलं की वैर सुरू होतं. सुधीरला सूड आवडला नसता, हेही मला सांगून झालं. खरं आहे. त्याला नसता आवडला. तो तुमच्याशी बोलायला आला, तुमचं पाणी प्याला आणि तुमच्या भंडाऱ्यावर विश्वास ठेवून गेला. तो गेला. मी आहे. आणि मी माफ करणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, मरताना पण नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा म्हाई आहे. आबांनी मंडप सांगितलाय, ऑर्केस्ट्रा सांगितलाय, असं ऐकते.

आबा, सुधीर अंथरुणात होता तेव्हापासनं, त्याला न सांगता, मी काय करत होते ते सांगते. सुधीरचा नकाशा घेतला आणि फिरले. ज्या वाटांनी कावीळ गेली, त्याच वाटांनी. एसटीनं गेले, भाच्याच्या गाडीवरनं गेले, आजऱ्यापर्यंत जाऊन आले. आमच्या गावची लेक जिथं दिलीय तिथं गेले. दारात पाणी मागितलं नाही, माझी बाटली माझ्याजवळ. चटईवर बसले आणि एवढंच सांगितलं, तुझ्या माहेरच्यांना माहीत होतं. तुला बोलावलं तेव्हा माहीत होतं. तुझ्या लेकराच्या हातात पाण्याचं भांडं दिलं तेव्हाही माहीत होतं.

आणखी काही सांगायला लागलं नाही. एकीनं दुसरीला फोन केला, दुसरीनं तिसरीला. मी पोचायच्या आधी निरोप पोचायला लागला. सुधीरनं हेही गणित बरोबर मांडलं असतं.

आबा, यंदा तुमच्या म्हाईला लेकी येणार नाहीत. एकही नाही. लेकी नाहीत म्हणजे जावई नाहीत. जावई नाहीत म्हणजे त्यांचे पाहुणे नाहीत. मांडव घाला. दिवे लावा. बकरी कापा. पंगतीला पाट मांडा आणि वाटेकडं बघत बसा. शिजवलेलं कोण खाणार, ते कमिटीला विचारा. ज्या इज्जतीसाठी तुम्ही गप्प बसलात, ती इज्जत मी तुमच्या दारातनं उचलून नेली आहे. पाइप दुरुस्त करा, नका करू, यंदा कुणी येणार नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

तुम्हाला वाटत असेल, अक्का बोलते, बायका ऐकतात आणि सणाला विसरतात. बरं. सगळ्यांत आधी हो कोण म्हणालं, सांगू? उचगावला गेले होते. दार एका लेकीनं उघडलं. तिचा पोरगा त्या म्हाईनंतर महिनाभर अंथरुणात होता. वाचला, देवाची कृपा. ती म्हणाली, "अक्का, आमच्या आबांनी मला बी सांगितलं न्हाय हो. मला बी न्हाय. मी न्हाय जाणार."

मागं बघा आबा. दाराजवळ, खांबाशेजारी. तुमची रेखा आहे. तुमच्याबरोबर नाही आली ती. माझ्याबरोबर आली आहे.

रेखा, उभी राहा बाळ. आणि आमच्या गावच्या ज्या ज्या लेकी आल्यात, सगळ्या उभ्या राहा. रडू नका गं. नुसत्या उभ्या राहा. त्यांना मोजू दे.

आता सभेचा रिवाज. शेवटी मौन पाळायचं असतं. बाकीच्यांनी जरूर पाळा, सुधीरसाठी पाळा. पहिल्या ओळीनं उभं राहायची गरज नाही. तुमचं मौन पाळून झालंय. गेल्या वर्षी, म्हाईच्या आधी.

सुधीर, माझ्या बाळा, तुझ्या फोटोपुढं नीतानं पाण्याचा तांब्या ठेवलाय. सकाळी मी स्वतः उकळलंय ते पाणी. आता निवांत पी.